एक्केचाळिसाव्या किलोमीटरवरचे ठोके

"काय गं, आज काय म्हणते तुझी चुगलखोर तार?"

सकाळपासून बाबांचा हा चौथा फोन. ती वैतागली.

"बाबा, आज शेवटची चाचणी आहे. दहा ते बारा या वेळात तुम्ही रुळावर कुठे ठोके मारणार, ते मला कळायला नको. मग फोन कशाला करता?"

"कुठे सांगतोय? नुसतं विचारतोय."

"डोकं नका खाऊ!" तिने फोन आपटला.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर साठ किलोमीटरचा लोहमार्ग एका रेघेत पसरला होता. रुळांशेजारी जमिनीत ऑप्टिकल फायबर पुरलेलं. कुणाचं पाऊल पडलं, फावडं लागलं, की ती काचेची तार थरथरायची आणि इथे भोंगा वाजायचा. महिनाभरात तारेने एकही खूण चुकवली नव्हती. आजही ती पास झाली, की उद्यापासून पायी गस्त बंद.

पायी गस्त म्हणजे बाबा. तीस वर्षं हातोडा खांद्यावर टाकून चालणारा माणूस. घरी बसवला तर महिन्याभरात अंथरूण धरेल, आणि त्याआधी तिला वेड लावेल. साहेबांनी चाचणीसाठी गस्तीतला सगळ्यांत जुना माणूस निवडला होता. तो तिचा बाप आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अकरा पस्तीसला भोंगा वाजला.

एक्केचाळिसावा किलोमीटर. ठोक्यांवर ठोके, सलग आणि जोरदार. म्हातारा पेटलाय, तिला वाटलं. जरा हळू मारायला काय झालं होतं?

साहेब शेजारच्या खोलीत कुणावर तरी ओरडत होते. तिने भोंगा बंद केला. मग नोंद पुसली. नोकरीत पहिल्यांदाच ती असं काही करत होती, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

बाराला साहेब आले. "काही सापडलं?"

"नाही, साहेब."

"एकही ठोका नाही?"

"नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तार नापास. एवढा खटाटोप पाण्यात! राहू दे मग गस्त."

ते गेल्यावर तिने बाबांना फोन लावला. पडद्यावर दुपारची पॅसेंजर अडतिसावा किलोमीटर ओलांडून एकोणचाळिसाव्याकडे सरकत होती.

"झालं तुमच्या मनासारखं. तार नापास, गस्त चालू."

बाबा खो खो हसले.

"हसताय काय? साहेबांपुढे माझी लाज गेली."

"रागावू नकोस गं. कुणाला बोलू नकोस, पण तुझ्या तारेचा काही दोष नाही." बाबांनी आवाज खाली आणला. "मी आज हातोडा उचललाच नाही. सकाळपासून घरीच आहे. ठोकेच नाहीत, तर ती बिचारी ऐकणार काय?"