मधुबाजाची शीळ

सुज्ञ वाचकहो, एका अपमानाची परतफेड कशी झाली, ते मी येथे सविनय कथन करीत आहे.

तळोद्याच्या जंगलात वीस वर्षे आवाजावरून पक्षी ओळखून दाखविणाऱ्या वाटाड्या दलसिंगला, पाहुण्यांना पक्षी दाखवायला घेऊन आलेले उमाकांतसर सगळ्यांदेखत म्हणाले, “आते तुन्हं काय काम शे? मन्हा मोबाईलले समदं समजस!”

तेवढ्यात समोरच्या झाडावरून शीळ घुमली. मोबाईलने ‘मधुबाज’ असे अचूक नाव सांगताच सर कॅमेरा सरसावून त्या झाडाखाली धावले. झाडावर आग्यामोहोळ होते, आणि मधुबाज ते फोडू लागला की खवळलेल्या माशा खालच्या माणसाला सोडत नाहीत, हे दलसिंगला ठाऊक होते. त्याने पाहुण्यांना हळूच मागे नेले. सरांना मात्र हाक मारली नाही.



सर किंचाळत पळत सुटले, तेव्हा दलसिंग अत्यंत आदराने म्हणाला, “सर, मोबाईलले इचारा बरं, कोनती माशी चावनी?”

वाचनाबद्दल आपला ऋणी,
नवल सुकलाल चौधरी, म्हसावद