बिननावाची पैज

पडद्यावरचा घोड्यांचा भाव बदलला तेव्हा डिम्फ्ना चहा ढवळत होती. बेटिंगच्या दुकानाचा मालक मॉसी याने तो आधी पाहिला आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

“काय झालं रे?”

“काही नाही. चहा घे तू.”

समुद्रापलीकडे चेल्टनहॅमला चार वर्षांच्या घोड्यांची हर्डलची, म्हणजे आडव्या कुंपणांवरून उड्या मारत धावायची शर्यत आता सुटणारच होती, आणि तिचा मुलगा फिन्टन त्यात मिस्टर थिसल नावाच्या घोड्यावर बसला होता. सगळं गाव शेजारच्या पबमध्ये टीव्हीपुढे गोळा झालं होतं. तिथे लोक शर्यत सोडून आपल्याच तोंडाकडे बघत बसतील म्हणून डिम्फ्ना इकडे आली होती. इथे मॉसी होता आणि खिडकीपाशी म्हातारा क्रिस्टी. मॉसीने तिच्यासाठी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला होता.

डिम्फ्नाने पैसे लावलेला घोडा पडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोस्टात भेटली तरी लोक विचारायचे, यंदा कुणावर गं, म्हणजे आम्ही तेवढा सोडून लावू. तीही हसायची. पण फिन्टन जॉकी झाल्यापासून त्याच्या प्रत्येक शर्यतीला ती न चुकता इथे येई आणि दुसऱ्या घोड्यावर पैसे लावी. आपला पायगुण दुसरीकडे कुठेतरी पडू दे. चिठ्ठीवर मात्र तिने घोड्याचं नाव कधी लिहिलं नाही. नुसतं ‘फेव्हरिट’ लिहायची. शर्यत सुटताना लोकांचा सगळ्यात जास्त पैसा ज्याच्यावर असेल, तो. फिन्टनच्या वाट्याला कायम उरलेसुरले घोडे यायचे, त्यामुळे धोका नव्हता. आणि प्रत्येक घोड्यावर कुणा ना कुणाचं पोर बसलेलं असतं. नाव लिहायला तिचा हात धजत नसे.

आज सकाळी तिने चिठ्ठी दिली तेव्हा फेव्हरिट होता फ्रान्सहून आणलेला एक काळा घोडा. पण गर्दीपुढून फिरवताना तो बिथरला, मानेवर घामाचा पांढरा फेस आला, आणि लोकांचं मन फिरलं. मिस्टर थिसल मात्र पाव आणायला निघाल्यासारखा निवांत चालत होता. पैसा त्याच्याकडे वळला.

डिम्फ्नाने वर पाहिलं. मिस्टर थिसलच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘फेव्हरिट’ लुकलुकत होतं.

“मॉसी, माझी चिठ्ठी परत दे.”

“यंत्रातून गेलीय गं ती. नियम आहे.”

“मग नियमाला सांग, त्या घोड्यावर माझा मुलगा बसलाय.”

मॉसीने यंत्राची दोन-तीन बटणं दाबून पाहिली, तिला दिसावं म्हणून. यंत्राने काही ऐकलं नाही.

“घोड्याला काय कळतंय, तू कुणावर लावलेस ते,” क्रिस्टी म्हणाला. मग तिला धीर द्यावा म्हणून तो या शर्यतीचे जुने विजेते सांगू लागला. दुसरे जपमाळ ओढतात तसा तो ते एकेक वर्ष मागे म्हणत जाई. कच्ची पोरंच असतात हे घोडे, म्हणाला, आत्ता याच हिवाळ्यात उडी शिकलेले, पण बघ, सगळे नीट घरी येतात. असं म्हणत म्हणत तो एका वर्षापाशी आला आणि ते गाळून पुढे गेला. डिम्फ्ना असली की तो ते वर्ष नेहमीच गाळायचा. त्या वर्षी तिने चिठ्ठीवर भावाच्या घोड्याचं नाव लिहिलं होतं, कौतुकाने, ठसठशीत अक्षरांत. शेवटच्या हर्डलपर्यंत तो पुढे होता. आता भाऊ चर्चच्या मागच्या दफनभूमीत आहे.

“सुटले,” मॉसी म्हणाला.

डिम्फ्नाने पडद्याकडे पाठ केली आणि मॉसीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मॉसीला पत्ते खेळता येत नसत ते या तोंडापायीच. पहिल्या हर्डलला त्याच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. मग पुन्हा. तिने गळ्यातला, प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरचा बिल्ला मुठीत धरला, पण प्रार्थना कुठून सुरू होते तेच आठवेना. भिंतीपलीकडून पबमधला गलका वाढत चालला. मॉसी खालचा ओठ चावू लागला.

“शेवटचं,” तो पुटपुटला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीपलीकडे सगळे एकदम गप्प झाले.

“पडला?”

“तो नाही,” मॉसी म्हणाला. आणि पलीकडे पब फुटल्यासारखा ओरडला. “जिंकला गं. फिन्टन जिंकला.”

डिम्फ्ना वळली. फिन्टन रिकिबीत उभा होता, हनुवटीपर्यंत चिखल, आणि जांभळं चोरून आणलेल्या पोरासारखा हसत होता. त्याच्या खांद्यामागे, लांब, शेवटच्या हर्डलपाशी माणसं पडलेल्या स्वाराला लोकांच्या नजरेआड करायचे हिरवे आडपडदे घेऊन धावत होती. काळा घोडा बाजूला उभा होता. लगाम लोंबत होता. पाठीवर कुणी नव्हतं.

दार ढकलून लोक आत आले. कुणी तिला मिठी मारली, कुणी पाठीत धपाटा घातला. चल, म्हणाले, आज सगळ्यांना तूच पाजायचंस. मॉसीने काहीतरी करायचं म्हणून तिचे जिंकलेले पैसे काढले आणि काचेखालून पुढे सरकवले. तिने हात लावला नाही.

कॅमेरा फिन्टनच्या मागे मागे गेला. हिरवे पडदे चित्राच्या कडेला सरकत सरकत दिसेनासे झाले. डिम्फ्ना गर्दीत मान वाकडी करून टीव्हीच्या चौकटीबाहेर बघू पाहत होती, जसं काही तिथे अजून दिसणार होतं.

“मॉसी,” ती म्हणाली, “त्या पोराची आई कुठली रे?”