पालथी वाटी

शेळीचं दूध बाळाच्या पोटात गेलं तेव्हा वॉर्डातल्या घड्याळात सव्वादहा वाजले होते. आता चार तास नुसतं बघत बसायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सलाईनची सुई आधीच बाळाच्या हाताला लावून ठेवली होती.

गिरजा भिंतीला टेकून खाली बसली. नातवाला जवळ घ्यायची तिची हिंमत होत नव्हती.

सून रुपा भाजी घेऊन धसईच्या बाजाराला निघाली, की पाच महिन्यांचं बाळ गिरजाच्या मांडीवर असायचं. ते किरकिरलं की गिरजा चुलीपाशी पालथी घातलेली वाटी उचलायची, शेळीचं चार थेंब दूध घ्यायची आणि बोटानं चाटवायची. तीन बाजार झाले आणि तिन्ही वेळा तेच घडलं. दोन तासांत उलट्यांवर उलट्या, अंग गार, पोर पांढरंफटक. तिसऱ्या वेळी तर डोळेच उघडेना.

"ताप नाही, जंतू नाहीत," डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "काही बाळांच्या पोटाला एखादं अन्न अजिबात सोसत नाही. आईच्या दुधाशिवाय कोणी काय खायला दिलं?"

रुपानं नकारार्थी मान हलवली. गिरजानं रडत रडत दुधाचं कबूल केलं.

तिचा मुलगा हनुमान तिथंच कडाडला. "ज्यानं माज्या पोराला पाजलं, त्यानं घरात पाय ठेवायचा नाय. मग कोनी का असंना!"

महिनाभर गिरजा मुरबाडला लेकीकडे राहिली. इकडे बाळाला सांभाळायला कोणी नाही म्हणून रुपानं बाजार सोडला. बाळ टुणटुणीत झालं. म्हणजे खोट आपल्याच हाताची, हे गिरजाच्या मनात पक्कं बसलं. तिला घास गोड लागेना. आज त्याचीच खात्री करायला डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून बाळाला मुद्दाम ते दूध पाजलं होतं.

साडेबारा झाले. सव्वादोन वाजून गेले. बाळ आईच्या बांगड्या ओढत खिदळत होतं.

"आजी, शेळीच्या दुधानं नव्हतं हो झालं ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गिरजाला हुंदका आवरेना. हनुमान खाली मान घालून म्हणाला, "आये, आज घरी चल."

डॉक्टरीणबाई मात्र अजून विचारात होत्या. "कधीकधी तांदळानंही असंच होतं. पेजेचं पाणी पाजलं होतं का कोणी?"

"ते काय खानं..." रुपा बोलता बोलता थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गिरजाला ती वाटी आठवली. दर बाजाराच्या दिवशी ती ओलीच असायची, नुकतीच धुतलेली. आपण बाजारातून येईपर्यंत लेकराच्या पोटाला पेजेचा आधार असावा, एवढंच बिचाऱ्या रुपाच्या मनात असणार.

हनुमान बायकोकडे वळला.

"तिला काय इचारता, बाई," गिरजा म्हणाली. "ते पन मीच पाजलं."