‘फेअर’ची वाक्यं

“कॉलेजात इंग्रजी शिकवतेस ना? मग ‘फेअर’ शब्द वापरून वाक्यं सांग पाहू,” मुलाच्या आई म्हणाल्या. त्या स्वतः हायस्कूलमधून इंग्रजीच्याच शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या.

बघण्याच्या कार्यक्रमात परीक्षा होईल असं वृषालीला वाटलं नव्हतं, पण हा प्रश्न तिला आवडला. फेअर प्ले, फेअर कॉपी, फेअर वेदर; सोबतचा शब्द बदलला की ‘फेअर’चा अर्थ कसा बदलतो, ते तिने वाक्यं करून सांगितलं. मुलगा कौतुकाने ऐकत होता. वृषालीच्या वडिलांचा चेहरा खुलला.

“छान! पण एक राहिलंच की,” बाई हसून म्हणाल्या. “फेअर गर्ल. गोरी मुलगी. लग्नाच्या जाहिरातीत आम्ही तेच लिहिलं होतं.”

मुलगा खाली बघू लागला. वृषालीने वडिलांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील, या लोकांना दार दाखवतील, असं तिला वाटलं.

वडील उठले. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी धाकट्या मुलीला हाक मारली, “शलाका, बाहेर ये गं जरा. पावडर-बिवडर काही लावू नकोस, आहेस तशीच ये.”