उसना रेग्युलेटर

शेखर बॅटरीची तार थेट ग्लायडरच्या रिसीव्हरला जोडणार, तेवढ्यात राहीने त्याचं मनगट धरलं.

"सोड गो," तो म्हणाला. "धा मिनिटांत आपला नंबर हाय."

"भरलेली लिथियम ती. आठ व्होल्टच्या वर देते. तुझा रिसीव्हर सहाचा. वर जाऊन धूर निघाला तर काय करशील?"

हे शेखरलाही कळत होतं. पण बॅटरीचे आठ व्होल्ट पाचावर आणणारा रेग्युलेटर सकाळीच जळला होता. एवढासा तुकडा, पण मुरबाडच्या त्या उघड्या माथ्यावर, रविवारच्या दिवशी, दुसरा आणायचा कुठून?

ग्लायडरला इंजिन नसतं, पंखा नसतो. कड्यावरून हाताने सोडायचं आणि रिमोटने वाऱ्यावर तरंगत ठेवायचं. शेवटच्या फेरीला दोघंच उरले होते. ज्याचं जास्त वेळ टिकेल तो राज्याच्या संघात. जागा एकच. आटगावचा शेखर तीन वर्षं त्या जागेच्या मागे हात धुऊन लागला होता. कारखान्यातून आला की सोनाराच्या काट्यावर एकेक भाग तोलायचा. त्याने रंग खरवडला, चिकटपट्ट्या सोलल्या, पंखावर स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नाही. शाईचंही वजन होतं म्हणे! यंदा नाही तर कधीच नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

राही डोळखांबची, घरची भातशेती. तिलाही तीच जागा हवी होती. तिने आपल्या ग्लायडरचं झाकण उघडलं, स्वतःचा रेग्युलेटर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"आनि तू?"

"माझ्याकडं निकेलचे जुने सेल हायत. त्यांना हा लागत नाय."

ते चार सेल म्हणजे नुसती धोंड. राहीने ते ग्लायडरच्या पोटात, पंखांच्या बरोबर मध्ये बसवले. शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने आपल्यासाठी जागेवर पाणी सोडलं होतं. लाज वाटली, पण रेग्युलेटर काही त्याने परत दिला नाही. जिंकल्यावर सगळ्यांत आधी हिचे आभार मानायचे, एवढं ठरवून त्याने तार जोडली.

दोन्ही ग्लायडर एकदमच सुटले. शेखरचा सरसर वर गेला. राहीचा कड्याच्या खाली उतरला आणि तिथेच रखडला. बघे हळहळले. सहा मिनिटं झाली. शेखरच्या छातीत आनंद मावेना.

मग ऊन तापलं आणि दरीतून वारा उठला. शेखरने ग्लायडरचं नाक खाली दाबलं. रेग्युलेटर चोख चालत होता, शेपटी त्याचा प्रत्येक इशारा ऐकत होती, पण ग्लायडर पुढे सरकेना. तो जागीच थबकला, मग मागे मागे येऊ लागला. शेखर जीव तोडून झगडला. शेवटी ग्लायडर त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि करवंदीच्या जाळीत कोसळला.

त्याच वाऱ्यात राहीचा ग्लायडर नाक रोवून पुढे निघाला होता आणि वर चढत होता.

शेखरचे डोळे भरून आले. जाळीतून रेग्युलेटर तेवढा काढून घेऊन तो तिच्याजवळ गेला.

"माझ्यावर दया केलीस," तो म्हणाला, "त्याचंच फळ देवानं तुला दिलं."

राहीने आभाळावरची नजर काढली नाही.

"खळ्यावर भात उफनताना कदी उभा राह्यलायस काय रे? या दिवसांत दुपार झाली का वारा उठतो. फोलपट उडून जातं, भरलेला दाना ऱ्हातो." तिने बोटाने कळ जराशी दाबली. "दया कसली? तो रेग्युलेटर मी तसापन काढनारच होते."