आठ महिन्यांची सोय

बस ड्रायव्हरला बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात एक पासबुक सापडलं. खातं तिच्या एकटीच्या नावावर होतं आणि वर्षभर त्यात गुपचूप पैसे जमत होते. त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही घर सोडून जायच्या बेतात तर नाही?

तीन दिवस तो नुसता पाळत ठेवून राहिला. तिचा फोन वाजला की कान टवकारायचा, ती बाजारातून उशिरा आली की घड्याळाकडे बघायचा. चौथ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघताना त्याने पासबुक तिच्यासमोर आपटलं.

"माझी नोकरी पक्की आहे. मग माझ्यापासून लपवून हे कशाला?"

"अडीअडचणीला."

"कसली अडचण? खरं सांग."

ती हात पुसत समोर बसली. "गेल्या वर्षी फाटकाशी आपली मुलगी उभी होती आणि तुम्ही ओसरीवरून विचारलंत, 'कोण पाहिजे?' मग गंमत केली म्हणून हसलात. मीही हसले. त्या दिवसापासून तुम्ही घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

त्याने पासबुक उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"आता आठ महिने तुमच्या पगाराशिवाय घर चालेल. बस भरून माणसं असतात हो. डेपोत डोळ्यांचं तुम्ही सांगता, की मी येऊ?"

त्याने बांधलेल्या बुटाच्या नाड्या सोडल्या.

"तू ये," तो म्हणाला. "हल्ली मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटते."