पाण्याशी ओळख

“डावीकडे घे,” पॅन्सी म्हणाली. “पुढे वाळू मऊ आहे, रुतशील.”

लोर्नाने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी पॅन्सीला गावी जायला साफ मनाई केली होती. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दिवसाआड यंत्राला लावून रक्त साफ करायचं, आणि यंत्र होतं ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहरात, रुग्णांच्या हॉस्टेलात. गाव पार वाळवंटाच्या पोटात. त्यात आता डोळेही गेलेले. तरी सकाळी लोर्नाच म्हणाली, “ताई, गाडी मिळालीय. चल, तुला घरी नेते.” पॅन्सीने जरा मान कलती केली आणि काही न विचारता हात पुढे केला.

तिच्या मांडीवर तिनेच पूर्वी रंगवलेलं चित्र होतं. ठिपक्यांवरून बोटं फिरवत ती वाट सांगत होती. लांब रेघा म्हणजे वाळूच्या टेकड्या, पांढरा पट्टा म्हणजे मिठाचं तळं, आणि मधोमध वर्तुळात वर्तुळं, ते त्यांच्या आईचं पाणी, तिच्या मुलखातला पाणवठा.

ते पाणी लोर्नाने कधी पाहिलंच नव्हतं. त्या काळी सरकारी माणसं आदिवासींची मुलं घरातून उचलून नेत; तिलाही तान्ही असतानाच दक्षिणेला नेलं. परत आली तेव्हा केस पिकले होते. त्यांच्यात रीत अशी, की ज्याची पाण्याशी ओळख नाही त्याने ते रंगवायचं नाही, आणि ओळख करून देणारं घरात एकच माणूस उरलं होतं. तेही दिवसेंदिवस थकत चाललेलं. लोर्नाला त्याचाच घोर लागला होता.

“मागे कुत्रं आहे का गं?”

“हॉस्टेलचं पिवळं. पाठच सोडत नाही.”

“मग तू फारच हळू चालवतेस.”

फुटक्या खिडकीतून गरम वारा येत होता. पॅन्सी गाणं पुटपुटू लागली, टेकडीमागून टेकडी, नावामागून नाव. लोर्नाच्या पापण्या जड झाल्या. मिठाच्या तळ्यावर ऊन हलत होतं, आणि पलीकडून आई येत होती, डोक्यावर पाण्याचं लाकडी पात्र घेऊन. पोचल्यावर काय करायचं, हे मात्र लोर्नाने ठरवलंच नव्हतं.

“थांब. आलं.”

पॅन्सीचं बोट मधल्या वर्तुळावर टेकलं होतं. लोर्नाने ब्रेक दाबला. उतरायची घाई न करता पॅन्सी चित्रावर वाकली आणि तिने मोठ्याने हाक दिली, पाण्याजवळ गेल्यावर तिथल्या पूर्वजांना देतात तशी.

“म्हाताऱ्यांनो, मी पॅन्सी. ही लोर्ना, माझी धाकटी बहीण. परकी समजून हिला त्रास देऊ नका.”

मग बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन तिने लोर्नाच्या डोक्यावर फुर्रकन फवारलं.

“झाली ओळख. उद्यापासून हे पाणी तू रंगवायचं.”

लोर्नाला रडू आवरेना. ताईला खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

तेवढ्यात गाडीच्या दारावर टकटक झाली. बाहेर हॉस्टेलची नर्स उभी होती. “पॅन्सी, यंत्राची वेळ झाली.”

लोर्ना चोरासारखी बसून राहिली. पॅन्सीने शांतपणे चित्राची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

“जपून उतर गं,” ती म्हणाली. “चाकांच्या जागी लावलेल्या विटा तुझ्या बाजूला हलताहेत.”